लाल दिसलं, हिरवं रंगवलं

अकराव्या शिंकेला अमृतच्या हातातला नकाशा सुटला. जानेवारीतल्या सकाळचं वारं होतं, नकाशा मोठा होता, आणि तो जाऊन पडला नेमका तिच्या पायांशी. तिने वाकून उचलला. त्याच्याकडे न बघता आधी नकाशाच बघितला आणि मोठ्याने वाचलं, "आंबळखेडे शहर… प्रस्तावित वापर विभाग." मग मान वर केली. "आम्ही शहर कधी झालो?"

"झाली… बरीच वर्षं झाली. नगरपरिषद झाली तेव्हा—" आणि बारावी शिंक.

"आधी शिंकून घ्या," ती म्हणाली. "शहर काही पळून जात नाही."

तिने ओढणी नाकातोंडावरून घट्ट गुंडाळली होती. दिसत होते फक्त डोळे, आणि ते हसत होते. आपल्यालाच हसताहेत, याबद्दल अमृतला शंका नव्हती. अशा बाबतीत त्याला कधीच शंका नसायची.

तिच्यामागे मिरची होती. तीन एकर. ओली, लाल, उन्हात चकाकणारी मिरची जमिनीवर अशी पसरली होती की मधली पायवाट सोडली तर माती कुठे दिसतच नव्हती. कडेला चाळीसेक बायका ओळीने बसून देठ खुडत होत्या. दोंडाईच्याहून अर्ध्या तासावरच्या या गावात मिरची वाळवायच्या अशा मोकळ्या जागेला पथारी म्हणतात, हे अमृतला नंतर कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळत होतं की नाक, घसा आणि डोळे हे तिन्ही आपले राहिलेले नाहीत.

"ताई," ओळीतल्या एका म्हातारीने हाक मारली, "हाऊ भाऊ रडी राहिना का शिंकी राहिना?"

"दोन्ही करी राहिना, भिकुआक्का," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून अगदी शाळेतल्या बाईंसारख्या शुद्ध मराठीत, "कोणाला शोधताय?"

"मैदान."

"कोणतं मैदान?"

"खेळाचं मैदान क्रमांक तीन. गट नंबर चौदा. नकाशात तर… इथेच दाखवलंय."

तिने नकाशातला हिरवा चौकोन बघितला. समोरची लाल जमीन बघितली. पुन्हा चौकोन बघितला.

"हे? हे मैदान?"

"हो… म्हणजे, नकाशाप्रमाणे."

"मग खेळा." ती बाजूला झाली, हाताने वाट दाखवली. "फक्त चपला काढून. आणि पडलात तर डोळे मिटून पडा."

बायका हसल्या. अमृतही हसला असता; पण तो त्या लाल चौकोनाकडे बघत राहिला. हा चौकोन त्याच्या ओळखीचा होता.

तीन वर्षांपूर्वी त्याची पहिली नोकरी. जळगावला, मेहरूणच्या तलावाकडे खिडकी असलेल्या एका खासगी ऑफिसात. लहान लहान नगरपरिषदांचे नकाशे करून द्यायचं त्यांचं काम. आकाशातून काढलेला आंबळखेड्याचा फोटो अमृतच्या टेबलावर आला होता, आणि घरांच्या दाटीत हा एकच चौकोन होता… सपाट, मोकळा, विटेसारखा लाल. एवढ्याशा गावात लाल मातीचं इतकं सुरेख मैदान! त्याला भरून आलं होतं. कुठली शाळा असेल, कोण मुलं धावत असतील, असं काहीबाही मनात आणत त्याने तो चौकोन हिरवा रंगवला होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यमान क्रीडांगण'. फोटो जानेवारीतला होता. जागेवर जाऊन बघायचं राहून गेलं होतं. त्या नकाशावर गावाचा वीस वर्षांचा आराखडा बेतला गेला, मंजूरही झाला. आणि आता कुठल्या जमिनीवर काय करता येईल याचे नियम त्या आराखड्याशी जुळवून घ्यायचं काम त्याच ऑफिसकडे आलं होतं, आणि जागा बघायला अमृतलाच पाठवलं होतं. हिरव्या रंगाचा नियम सोपा होता. तिथे खेळ. दुसरं काही नाही.

"काय झालं?" तिने विचारलं. आता डोळे हसत नव्हते.

"चूक झालीय. नकाशात." त्याने नाक पुसलं. "हे नियम कायम झाले तर… पुढच्या हंगामाला पथारीचा परवाना मिळणार नाही."

तिने नकाशा घडी करून त्याच्या हातात दिला. मग ओढणी खाली केली. खालच्या ओठाशी मिरचीचं बी चिकटलं होतं.

"कोणी केली चूक?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पुढे कितीतरी रात्री अंथरुणावर पडून अमृतने त्या क्षणाला ते सांगितलं, वेगवेगळ्या शब्दांत, चांगल्या शब्दांत. पण पथारीवर उभा असताना तो म्हणाला,

"ऑफिसात… झाली असेल कोणाकडून तरी."

---

तिचं नाव दिपमाला. पथारी तिच्या वडिलांची, पितांबरनानांची. दोघं मिळून ती चालवायचे. म्हणजे नाना बाजेवर बसून आभाळ बघायचे आणि बाकीचं दिपमाला बघायची. धुळ्याला राहून ती बी.कॉम. झाली होती आणि परत आली होती. का परत आली असं कोणी विचारलं की म्हणायची, "तिथे भाजीला चव नव्हती."

नानांना कागद पटेना.

"मन्हा बापनी पथारी शे ही," ते म्हणाले. "तव्हय पासून मिरचीच वाळी राहिनी आठे. तुमना कागद काय करी लेई?"

"नाना, कागदच सगळं करतो," अमृत म्हणाला. इतक्या ठामपणे बोलल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "तीस दिवसांत हरकत नोंदवावी लागेल. मग सुनावणी होईल. हरकत नसली तर कोणी विचारणारही नाही."

"आणि ती लिहायची कशी?" दिपमालाने विचारलं.

"मी… मदत करू शकेन. मला शनिवारी सुटी असते."

नाना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. आभाळाकडे बघायचे तसं.

---

अमृत शनिवारी सकाळच्या गाडीने जळगावहून निघायचा, दोंडाईच्याला उतरून बस धरायचा आणि दहाच्या सुमाराला शिंकत शिंकत पथारीवर पोचायचा. "उना वं शिंकनारा भाऊ," असं भिकुबाई बाकीच्यांना सांगायची. पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीला टेकून दोघं कागद घेऊन बसायची. शेडला तीन बाजूंनी भिंत नव्हती आणि चौथ्या बाजूला नाना होते.

"म्हणजे नियम आराखड्याशी जुळवायचे," दिपमाला म्हणाली. "पत्रिका जुळवतात तसे?"

"साधारण… तसंच."

"मग किती गुण जुळले?"

अमृतने आराखड्याचा जाड अहवाल उघडला. "हे बघा, पान बावन्न. 'मिरचीचा व्यापार हा शहराचा कणा असून पुढील वीस वर्षांत त्याला वाव देणे आवश्यक.' आराखडा म्हणतो मिरची वाढवा. आणि तुमच्या गटाचा नियम म्हणतो मिरची हटवा. म्हणजे… एकही गुण नाही."

"मग लग्न मोडा."

"मोडता येत नाही. आराखडा मंजूर झालाय. नियमच सुधारायला लागेल."

"म्हणजे नवरी तशीच, नवऱ्याने सुधारायचं. बरोबर आहे." तिने मान डोलावली. "आमच्याकडेही तसंच असतं."

अमृतचे कान मिरचीच्या रंगाचे झाले. त्याने घाईघाईने पुढचा कागद काढला.

दुसरी अडचण अशी होती की नियमांच्या यादीत दुकान होतं, गोदाम होतं, पिठाची गिरणी होती, पण पथारी कुठेच नव्हती. ज्याला नावच नाही त्याला परवानगी कशी द्यायची? व्याख्या लिहावी लागणार होती.

"सांगा," त्याने पेन उघडलं. "पथारी म्हणजे काय?"

"जिथे मिरची वाळते ती जागा."

"'शेतमाल उघड्यावर, नैसर्गिक उन्हात वाळविण्यासाठी वापरण्यात येणारी मोकळी जमीन,'" त्याने लिहिलं.

"हो, पण त्यात बायका कुठे आहेत? देठ कोण खुडणार?"

"'तसेच तदनुषंगिक हस्तकाम—'"

"तदनुषंगिक?" तिने कागद ओढून घेतला. "भिकुआक्का, तू तदनुषंगिक शे, माहीत शे का तुले?"

"आसू दे माय," भिकुबाई म्हणाली. "आते या वयमा काय काय निंघी सांगता येत नही."

अमृत हसला. मोकळा, आवाज करून. आणि हसताना आपण कसे दिसतो याचा विचार त्याने केला नाही, हे त्याला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

त्या शनिवारांत फक्त एक गोष्ट त्याला टोचत राहायची. दिपमाला त्या मैदानवाल्याला विसरत नसे.

"कोण असेल हो तो?" ती म्हणायची. "जन्मात मिरची बघितली नसेल. थंडगार खोलीत बसून, चहा पीत, आमच्या पोटावर हिरवा रंग फासला. येडा म्हणावा की आंधळा?"

"अर्धवट," अमृत खाली बघून म्हणाला.

"हां. अर्धवट. बरोबर शब्द सापडला."

चौथ्या शनिवारी अंतराचा प्रश्न आला. पथारी आणि घरांच्या मध्ये किती जागा सोडायची, हे नियमात आकड्याने लिहावं लागतं. लोकांना ठसका लागू नये एवढी.

"पण इथे कोणाला ठसका लागतच नाही," दिपमाला म्हणाली. "पाळण्यापासूनची सवय. मोजायचं कसं?"

बोलता बोलता ती थांबली आणि त्याच्याकडे बघू लागली. त्याच्या डोळ्यांकडे नाही. नाकाकडे.

"नवं नाक आहे की आपल्याकडे," ती म्हणाली.

मग शंभर मीटरची टेप निघाली. टोक तिने पथारीच्या कडेला धरलं आणि वारं जात होतं त्या दिशेने अमृत टेप सोडत सोडत चालू लागला. वीस मीटरवर तो शिंकला. तीसवर दोनदा. पंचेचाळीसवर एक अर्धवट शिंक आली आणि परत गेली. बायका देठ खुडायच्या थांबून मोजत होत्या. साठ मीटरवर तो उभा राहिला. नाकात नुसती धूळ, आणि पलीकडच्या घरातून फोडणीचा वास.

"आली का?" ती लांबून ओरडली.

"नाही."

"थांबा अजून थोडं."

तो दहा मिनिटं थांबला. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. ती लाल जमिनीच्या काठावर, पिवळी ओढणी, हातात टेपचं टोक… इतक्या लांबून तिचे डोळे दिसत नव्हते, आणि शिंक न आल्याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"झालं," ती ओरडली. "साठ लिहा. आता या परत. इतक्या लांब शोभत नाही."

टेपची चकरी तिथेच ठेवायची की बरोबर आणायची, हे त्याला सुचेना. तो नुसताच ती धरून उभा राहिला. मग तिनेच आपल्या टोकाकडून टेप हातावर गुंडाळायला सुरुवात केली. एक वळसा, दुसरा वळसा. टेप ताणली गेली. दुसऱ्या टोकाला धरून तो चालत आला, मधे दोनदा शिंकत. ती शेवटपर्यंत गुंडाळत राहिली.

---

सहावा शनिवार फेब्रुवारीच्या शेवटचा होता. सुनावणीला चार दिवस राहिले होते. अमृतने ठरवलं होतं… आज सांगायचं. गाडीत अमळनेरपर्यंत त्याने वाक्य जुळवलं, त्यापुढे ते पाठ केलं.

"दिपमाला," शेडमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "मला तुम्हाला एक… त्या नकाशाबद्दल—"

"नाना," ती उभी राहत म्हणाली. "तिकडे बघा."

नाना आधीच बाजेवरून उतरले होते. पश्चिमेला आभाळ शेवाळी झालं होतं. अवकाळी. वाळत आलेली मिरची एकदा भिजली की काळी पडते, मग तिला कोणी हात लावत नाही. हंगाम तीन एकरांवर उघडा पडला होता.

पुढचा पाऊण तास कोण काय बोललं ते कोणालाच सांगता आलं नसतं. बायका फावड्यांनी ढीग करत होत्या, नाना ताडपत्र्या ओढत होते. फावडी पुरेनात तेव्हा अमृतने हातांनी मिरची ओढायला सुरुवात केली, ओंजळीने, मग कवेत घेऊन. वारं सुटलं. थेंब पडू लागले, मोठे, एकेकटे. शेवटच्या ताडपत्रीचं एक टोक दिपमालाच्या हातात आणि दुसरं त्याच्या. दोघांनी ती ढिगावरून ओढली, कडेला दगड ठेवले, आणि मग पाऊस आला.

शेडमध्ये सगळे दाटीवाटीने उभे राहिले. पत्र्यावर इतका आवाज की भिकुबाईचं हसणंही ऐकू येईना. दोन पोती भिजली होती. बाकी सगळं वाचलं होतं.

अमृतला हातांची आग तेव्हा जाणवली. मनगटापर्यंत, नखांच्या आत, जणू हात चुलीत धरलेत.

"डोळ्यांना लावू नका," दिपमाला म्हणाली. घरून आणलेल्या डब्यातलं तूप तिने वाटीत घेतलं, त्याला पोत्यावर बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला. एकेक बोट, सावकाश. तिच्या कपाळावरून पाण्याचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबला होता. तिचे हात मोकळे नव्हते, त्याचेही नव्हते, आणि तो थेंब तसाच राहिला.

"ऑफिसातल्या माणसाला हे शोभत नाही," ती हळू म्हणाली. "कशाला हात घातलात?"

आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती तूप लावत राहिली, आणि त्यात इतकं काही होतं की अमृतला ते घेववेना. हे सगळं आपण चोरून घेतोय, असं त्याला वाटलं.

"ते मैदान मी रंगवलं होतं," तो म्हणाला.

तिचं बोट थांबलं.

"तीन वर्षांपूर्वी. फोटोत लाल दिसलं. मैदान वाटलं… हिरवं रंगवलं."

ती आधी हसली. खरंच हसली, आणि अमृतला क्षणभर वाटलं की सुटलो. मग तिने विचारलं,

"पहिल्या दिवशी मी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"…हो."

"सहा शनिवार?"

"हो."

तिने वाटी खाली ठेवली. "चूक कोणाचीही होते. गेल्या वर्षी भिकुआक्काने ओली मिरची सुक्यात ओतली, वीस पोती बाद झाली. पण तिने त्याच दिवशी सांगितलं, माझ्यासमोर उभं राहून." तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "मी त्या माणसाला काय काय बोलले. तुम्ही मान डोलावत होतात. एक शब्द तर तुम्हीच सुचवलात."

"दिपमाला—"

"सुनावणीला आमचं आम्ही बोलू."

पाऊस जसा आला तसा गेला होता. अमृत बसमध्ये बसला तेव्हा कंडक्टरने दिलेलं तिकीट त्याच्या तुपाच्या बोटांतून दोनदा निसटलं.

---

नगरपरिषदेच्या सभागृहात बुधवारी गर्दी होती. अमृतला यावंच लागलं. नकाशे त्याच्या ऑफिसचे होते. शेजारी त्याचे साहेब, तोताराम सर.

"कोणी काही विचारलं तर 'उपलब्ध माहितीनुसार' म्हणायचं," सर त्याच्या कानात म्हणाले. "या दोन शब्दांवर आपलं ऑफिस वीस वर्षं उभं आहे."

नववी हरकत पुकारली गेली. दिपमाला उठली. निळी साडी, केस घट्ट बांधलेले. तिने हरकत वाचली, पान बावन्न वाचलं, पथारीची व्याख्या वाचली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

समितीचे अध्यक्ष निवृत्त नगररचनाकार होते, पांढऱ्या मिशांचे, शांत. "ताई, व्याख्या उत्तम आहे," ते म्हणाले. "पण अडचण अशी आहे की मंजूर नकाशात तिथे विद्यमान मैदान आहे. गावाचं मैदान बंद करून मिरची वाळवायला कशी परवानगी देणार?"

"मैदान कधी नव्हतंच, साहेब."

"नकाशात आहे ना?"

"नकाशात आहे."

"मग ते चुकून दाखवलं गेलं, असं कोण सांगणार? काही माहिती आहे तुम्हाला?"

दिपमाला उभी राहिली होती. नाना तिच्याकडे बघत होते, दाराशी भिकुबाई आणि बाकीच्या बायका बघत होत्या. तिला सगळं माहीत होतं. नाव माहीत होतं, वर्ष माहीत होतं, फोटोत काय बघून रंगवलं तेही माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं.

ती काही बोलली नाही.

अमृतला ते समजायला दोन श्वास लागले. ती पथारी पणाला लावत होती आणि त्याचं नाव घेत नव्हती.

"मी सांगतो, साहेब," तो उठला. तोताराम सरांनी त्याच्या शर्टाला हात घातला, शर्ट सुटला. "ते मैदान मी काढलं. उपलब्ध माहितीनुसार नाही… माझ्या चुकीने. जागेवर न येता."

त्याने बॅगेतून बारा फोटो काढले, एकाच जागेचे, आकाशातून घेतलेले, बारा महिन्यांचे, आणि टेबलावर ओळीने मांडले. "हा जानेवारी. लाल. हा मे, मातीचा रंग. हा ऑगस्ट, गवत. हा डिसेंबर, परत लाल. साहेब, दरवर्षी पोत्यांत भरून बाजारात जातं असं मैदान कुठेच नसेल."

आधी अध्यक्ष हसले. मग बाकीचे हसायला मोकळे झाले.

"आणि हे साठ मीटर अंतर?" अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "हे कुठून आलं?"

"मोजलंय, साहेब."

"कशाने?"

अमृतने नाक पुसलं. मग म्हणाला, "नाकाने."

दाराशी बायकांत खसखस पिकली. दिपमालाने मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की काय, हे त्याला कळेना.

समितीने लिहिलं: आराखड्याच्या हेतूशी सुसंगत अशी नकाशा दुरुस्ती करावी, पथारीची व्याख्या नियमांत घ्यावी. नानांनी टोपी काढून परत घातली, बास.

बाहेर तोताराम सर अमृतला म्हणाले, "नोकरीवरून काढत नाही. खरं बोलणारा एक माणूस ऑफिसात असलेला बरा, गर्दी नको. पण आंबळखेड्याचं काम तुझ्याकडून काढलं. आता तुला इथे यायचं काहीच कारण नाही."

रस्त्यापलीकडे बायका टेम्पोत चढत होत्या. दिपमालाने चढताना एकदा इकडे बघितलं. टेम्पो निघाला.

---

पुढच्या शनिवारी अमृत गेला नाही. कारण नव्हतं. दिवसभर त्याने पुस्तक उघडं ठेवलं आणि एकच पान वाचलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी तो गेला.

मार्चचं ऊन कडक झालं होतं. पथारीचा शेवटचा माल जमिनीवर होता. नाना बाजेवर होते, बायका ओळीत, आणि ओळीच्या मधोमध दिपमाला देठ खुडत बसली होती. तिने बघितलं. उठली नाही.

"आते काय मोजानं ऱ्हायनं?" नानांनी विचारलं.

"काही नाही, नाना."

"कागद शे का काही?"

"नाही." त्याने रिकामे हात पुढे केले. बॅगसुद्धा आणली नव्हती.

"मंग कसाले आयना?"

बसमध्ये त्याने आज एकही वाक्य पाठ केलं नव्हतं. चाळीस जणींचे हात थांबले होते.

"मी… दिपमालाला भेटायला आलोय," तो म्हणाला. "दुसरं काही काम नाही. मला ती आवडते. तिला माझा राग आला असेल तर मी परत जाईन, पण… सांगून जाईन. ते न सांगता राहायचं नव्हतं."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग मुलीकडे.

"तुन्हं काय म्हननं शे?"

दिपमालाने ओढणी तोंडावरून खाली केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, घरच्या बोलीत ती म्हणाली, "गेल्या शनिवारना बी मी वाट दखी राहिंती, नाना."

नानांनी टोपी सारखी केली. त्यांच्या मिशा मात्र एका बाजूने हलल्या.

"इतका उशीर?" ती अमृतला म्हणाली. "मागच्या शनिवारी तुमच्या वाटच्या पोळ्या उरल्या."

"मला वाटलं… तुम्ही म्हणाला होतात की—"

"मी म्हणाले सुनावणीला आमचं आम्ही बोलू. शनिवारी येऊ नका असं कुठे म्हणाले?"

त्याने आठवून बघितलं. खरंच म्हणाली नव्हती.

"पोऱ्याले कितला येळ उभा ठेवतस?" भिकुबाई शेवटी वैतागली. "सरका वं बठ्ठ्या. जागा करा."

ओळ हलली. इकडच्या बायका एकेक वीत इकडे, तिकडच्या एकेक वीत तिकडे, पोती, सुपं, पाण्याच्या बाटल्या सरकवत. दिपमालाच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली. अमृतने पँट गुडघ्याशी जरा वर ओढली आणि तिथे बसला.